प्लग हातात धरून बसा

१

मी सांगतेय आणि हफ्सा लिहितेय. हफ्सा माझी सून. आमच्या अष्टमीतून पुलापलीकडे रोह्याच्या शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे माझ्या तोंडचं ‘नाय’ आणि ‘हाय’ ती मला न विचारता नीट करून टाकते, कुणी बोललेलं तेवढं तसंच ठेवते. करू दे बापडी. माझा मुलगा जुहेब रमजानात कतारहून घरी येईल, त्याच्याआधी हे सगळं कागदावर असायला हवं. तोंडाने सांगायला बसले तर तो मला अर्ध्यात थांबवेल, आणि मग माझ्याच्याने पुढे बोलवणार नाही.

तर ते मशीन. मागच्या सुट्टीत जुहेबने बॅगेत कपडे कमी आणि हे धूड जास्त आणलं. सिंकच्या भोकाखाली बसवायचं, वरून खरकटं लोटायचं, बटण दाबायचं, की आतली चकती सगळं दळून पाण्याबरोबर सोडून देते. मी म्हटलं, “मेल्या, आपल्याकडं खरकटं उरतंय कुठं?” तर म्हणतो, “अम्मी, तिकडं घराघरात असतं.” एका दुपारात त्याने ते एकट्याने बसवलंसुद्धा. हफ्सा कौतुकाने बघत होती. मी त्याचे हात बघत होते. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुणाऱ्या बाईची असतात तशी. एका मोठ्या खानावळीत तो स्टोअरचा सुपरवायझर, एसीत बसून सामान मोजून घेतो, असं तोच सांगायचा. मी तेव्हा काही विचारलं नाही.

जाताना कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवून गेला. आधी थंड पाणी सोड, मग बटण दाब. हाडं नको. भात नको, फुगतो. शेवग्याच्या शेंगा आणि केळीची सालं नको, धागे गुंडाळतात. अडकलं तर आधी बंद कर. मग बुडाच्या भोकात वाकडी चावी घालून डावी-उजवीकडे फिरव, सुटेल. मग बुडाचं लाल बटण दाब. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, दोन रेघा मारून: हात घालायचा नाही.

एवढं सगळं कुणासाठी लिहिलं, अल्ला जाणे. मी त्यात एक शीतसुद्धा टाकणार नव्हते. अन्न म्हणजे रिझक, अल्लाने दिलेला घास, ते दळून गटारात सोडायचं म्हणजे तोबा तोबा. आमच्याकडे उरलेला भात कोंबड्यांना जातो, भाकरीचा तुकडा गडग्यावर कावळ्यांना, माशांची डोकी मांजराला आणि सालं केळीच्या बुडाशी. पण पोराला वाईट वाटू नये म्हणून दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी नळ सोडून बटण दाबायचे. रिकामं मशीन घरघरायचं आणि तो खूश व्हायचा. “रोज वापरतेस ना?” “व्हय रे बाबा, रोज.” असा तो मला खोटं सांगायचा आणि मी त्याला.

एका शुक्रवारी बटण दाबलं आणि ते घरघरलंच नाही. नुसतं हुंऽऽ करत राहिलं.

“अडकलंय!” जुहेब फोनमधून ओरडला. “बंद कर आधी! काय टाकलंस गं?”



२

वाकडी चावी फिरवून बघितली, हलेना. मग पेणच्या दिनानाथला फोन केला. रामवाडीत राहतो, नळ आणि पंपांची कामं करतो, दर मंगळवारी रोह्याकडे त्याची फेरी असते. मस्कतला नऊ वर्षं बिल्डिंगच्या मेंटेनन्सला होता, म्हणून असली मशिनं माहीत असलेला आपल्या भागात तोच.

आल्या आल्या त्याने पहिल्यांदा प्लग उपटून माझ्या हातात दिला. “चाची, हा हातात धरून बसा. माझा हात बाहेर येईपर्यंत सोडायचा नाय. कोण आलं, गेलं, फोन वाजला, तरी नाय.”

“बटण बंद हाय की रे.”

“बटणाचा भरवसा नसतो. प्लग घरच्या माणसाच्या हातात असला की मला बरं वाटतं.”

बसले स्टुलावर प्लग धरून. उजव्या हाताच्या अंगठ्याने करंगळीशेजारच्या बोटातली अंगठी फिरवत होते, सवयच आहे. फिरोज्याच्या खड्याची चांदीची अंगठी, आतून माझ्या नावाचा ‘सु’ कोरलेली, जुहेबच्या अब्बांची निशाणी. कमरुद्दीन गेले त्याला सहा वर्षं झाली. सांध्याची गाठ सुजल्यापासून ती बोटात गोल फिरते, पण साबण लावूनही निघत नाही.

दिनानाथने खालून चावी घालून करकचून डावी-उजवी केली, मग वरून लांब चिमटा घातला. एकेक वस्तू काढून ताटलीत ठेवत गेला. कोंबडीच्या मांडीची हाडं, चांगली जाडजूड. खजुराच्या बिया. लांबच्या लांब पिवळ्या भाताची शितं. आणि बोराच्या आठळीसारखं काहीतरी, पण लांबुळकं, टोकदार.

“चाची, हाडं टाकायची नसतात ह्यात.”

“मी काय टाकलंच नाय त्यात. कुराणाची शप्पथ.”

“आणि हे झैतून, ऑलिव्ह म्हणतात ते, कुठून आणलंव? मस्कतला रोज पाहायचो. रोह्यात मिळाय लागलं काय?”

झैतून! माझ्या सात पिढ्यांत कुणी झैतून खाल्लं नाही. मी त्या ताटलीकडे बघत राहिले. शितं ताजी होती. वास येत होता केवड्याचा आणि तुपाचा. सकाळी आमच्याकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती.

दिनानाथ हसला आणि प्लग माझ्या हातून घेऊन लावला. मशीन फिरलं.

३

माणूस आधी घरातल्याच माणसावर संशय घेतो. मी हफ्सावर घेतला. शाळेतून येताना पार्सल आणते आणि मला चोरून खाते, असं ठरवून दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. हे लिहिताना ती हसतेय, पण तेव्हा रडली होती. मग म्हणाली, “अम्मी, तुम्ही विसरायला लागलाय का काही? परवा दूध दोनदा तापवलंत.”

झालं. म्हणजे मीच वेडी. मग मी मांजरावर संशय घेतला, मग शेजारच्यांच्या गटारावर. दिनानाथला फोन करून विचारलं, की त्यांच्या घरातलं आमच्या पाइपात उलटं येत असेल काय. तो म्हणाला, “पाइप सरळ तुमच्या केळीखालच्या खड्ड्यात जातो, दुसऱ्या कुणाशी जोडलेला नाय. आणि हाडं चढ चढून वर येत नायत, चाची.” हे मलाही समजत होतं. समजत होतं म्हणूनच तर झोप उडाली.

गुरुवारी दुपारी घरात मी एकटी होते. हफ्सा साडेपाचला येते. ओट्यापाशी बसून वाल सोलत होते, भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. सिंकमधून आवाज आला. मशीनचा नव्हे. भांड्यांचा. पाच-पन्नास ताटं एकावर एक आदळावीत तसा, आणि लांबून कुठूनतरी. पाणी जोरात मारल्याचा आवाज. चार भाषांतली माणसं. मी उठले. स्विच बंद होता, पण तरी मी प्लगसुद्धा काढला. आवाज चालूच.

भोकावर कान लावला. रबराच्या काळ्या पाकळ्या कानाला गार लागल्या. आत कुणीतरी शीळ घालत होतं. सूर लागत नाही, मध्येच हवा सुटते. जुहेबचा पुढचा दात लहानपणी कुंडलिका नदीत उड्या मारताना तुटला, तेव्हापासून त्याची शीळ तशी येते.

“बाबा?” मी भोकात म्हटलं.

शीळ थांबली. नुसतं पाणी वाजत राहिलं. मला वाटतं, तोसुद्धा ऐकत होता.

रात्री फोन आला तेव्हा म्हणाला, “अम्मी, गंमत झाली. आज दुपारी दोनला वाटलं तू हाक मारलीस. मागे वळून पण बघितलं मी.”

तिकडचे दोन म्हणजे आपले साडेचार. “तेव्हा तू काय करत होतास?” मी विचारलं.

“मी? स्टोअरला होतो. लिहीत बसलेलो.”

४

पुढच्या सोमवारी मशीन परत अडकलं. मी हातही लावला नव्हता. चावी घालून बघितली तर हलेना, एवढंच. मंगळवारी दिनानाथ आला, प्लग माझ्या हातात दिला, चिमटा आत घातला. चिमट्याला निळं काहीतरी लागून आलं.

रबरी हातमोज्याची दोन बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मुळाशी चावल्यासारखी तुटलेली. दिनानाथने ती हळूच दाबून बघितली. रिकामी होती. मी श्वास सोडला.

तो खाली फरशीवर बसला. म्हणाला, “मस्कतला आमच्या बिल्डिंगखाली हॉटेल होतं. तिथलं मशीन म्हणजे एवढा मोठा हंडा. रोज अडकायचं. एकानं हात घालायचा, दुसऱ्यानं बटणापाशी उभं राहायचं. तिथं प्लग नसतो, चाची, भिंतीवर नुसतं बटण असतं. गर्दीच्या वेळी मॅनेजर बोंबलत असतो, की चालू करा, चालू करा.” मग हत्यारं गोळा करायला लागला.

त्या संध्याकाळी मी जुहेबला फोनवर सरळ विचारलं. “हातमोजा फाटला काय तुझा?”

तो म्हणाला, “तुला कोणी सांगितलं?”

“माझा जीव सांगतो. खरं बोल.”

आणि मग बोलला तो. स्टोअर-बिअर काही नाही. तीन हजार माणसांची खानावळ, जेवणं झाली की सगळी ताटं खरडून खरकटं मशीनमध्ये लोटायचं, हेच त्याचं काम, दोन वर्षं झाली. मला आठवलं, लहानपणी ताटात एक शीत ठेवलं तर मी त्याला उठू देत नसे. “अम्मी, वाईट वाटून घेऊ नकोस,” म्हणाला. रडत होता की काय कोण जाणे. मी म्हटलं, “कामाची लाज नाय रे बाबा मला. पण हात घालू नको त्यात.”

“मग कोण घालणार? अडकलं की मीच काढतो. मी एक्सपर्ट आहे,” आणि हसला. हा असा हसतो तेव्हा मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

“आणि बटणापाशी कोण असतं?”

“असतो कोणतरी.”

५

बुधवारी चार वाजल्यापासून मी सिंकपाशी होते. प्लग काढून हातात घेतला होता, दिनानाथ सांगतो तसा. साडेचारला ताटांचा आवाज आला, मग पाण्याचा, मग शीळ. आणि मग मशीन फिरायला लागलं. वीज नाही, प्लग माझ्या मुठीत, आणि चकती आत घरघर फिरतेय. ओटा थरथरत होता. हाडं फुटत होती, ऐकू येत होतं. एकदा ते अडलं, गुरगुरलं, परत फिरलं. मला वाटलं, आत्ता त्याचा हात जाणार. आत्ता. आत्ता.

मी काय केलं ते सांगते. खलबत्त्याचा बत्ता समोर होता, लोखंडी, माझ्या सासूच्या वेळचा. उचलला आणि त्या भोकात खुपसला. खाडकन आवाज झाला, बत्ता तिरका होऊन बसला आणि सगळं थांबलं. शीळसुद्धा.

संध्याकाळी जुहेबचा फोन. “अम्मी, आज मजा! मशीन अडकलं, काही केल्या फिरेना. सगळं ड्रममध्ये भरून पाठवलं. मी आरामात.”

मी मनात म्हटलं, सापडलं. इथलं अडकलं की तिथलं अडकतं. मग हे असंच राहू दे, जन्मभर राहू दे. हफ्साने सिंकमधला बत्ता बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ताटं गोळा केली. मागच्या अंगणात नळाखाली धुतली आम्ही. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

अक्कल कुठे गहाण पडली होती माझी, कुणास ठाऊक. कपाटाच्या दारावर त्याच्याच हाताने ‘हात घालायचा नाही’ लिहिलेलं होतं, ते ‘अडकलं तर’च्या खालीच. मशीन फिरत असताना कुणी त्यात हात घालत नाही. अडकलं की घालतात.

६

हे मला गुरुवारी रात्री कळलं, जुहेबच्याच तोंडून.

“उद्याची सुट्टी रद्द, अम्मी. मॅनेजर पेटलाय. मेकॅनिक रविवारशिवाय येणार नाही, तर म्हणतो तुम्हीच काढा. मी आज टॉर्च मारून बघितलं. आत लोखंडाचं काहीतरी आहे, जाड. आपल्या बत्त्यासारखं दिसतं अगदी. उद्या जेवणं झाली की हात घालून काढतो.”

“नको,” मी म्हटलं, “माझी शप्पथ हाय तुला, नको घालू.”

“अगं, बटणापाशी माणूस असतो.”

“वचन दे.”

“बरं, देतो वचन.” ज्या आवाजात लहानपणी नदीवर जाणार नाही असं सांगायचा, त्याच आवाजात म्हणाला.

फोन ठेवला आणि मी सिंककडे धावले. बत्ता ओढला. हलेना. हफ्साला बोलावलं, दोघींनी ओढला, तेल ओतलं, खालून चावी घालून तिच्यावर दोघी लटकलो. हफ्सा विचारत होती, “अम्मी, उद्या काढू ना, एवढी घाई कशाला?” मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. काय करणार ती तरी.

सकाळी दिनानाथला फोन. तो धरमतरला, एका बार्जवरचा पंप उघडून बसलेला. “भरतीच्या आत बसवायला लागल, चाची. चारपर्यंत येतो.”

“चारच्या आत ये. माझ्या पोराच्या हाताचा सवाल हाय.”

“जुहेब आलाय काय?”

“तू ये रे आधी!”

जुहेबचा फोन बंद होता. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. मी बारा वेळा लावला. दुपारी जेवले नाही. कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले, त्या दारात येऊन ओरडत होत्या. तीन वाजले, साडेतीन वाजले. चार वाजले आणि रस्त्यावर एकही मोटारसायकल थांबेना. वडखळला ट्रॅफिक, असा त्याचा मेसेज आला. मी बत्त्याला धरून बसले होते, आणि मध्येमध्ये भोकात हाका मारत होते. “बाबा, नको घालू हात. बाबा, ऐकतोयस ना?” आत सगळं शांत होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी दिनानाथ आला.

७

तो चपलांसकट सरळ आत आला. माझं तोंड बघितलं असणार. प्लग भिंतीतून उपटलेलाच होता. तो त्याने माझ्या डाव्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर दाबून बंद केली. “सोडायचा नाय.” मग ओट्याखाली शिरला.

चावी करकरली. डावी, उजवी. परत डावी. घाम गळत होता त्याचा. घड्याळात पंचवीस झाले, सव्वीस झाले. “येतंय,” खालून म्हणाला. मग ठक्क आवाज झाला आणि बत्ता सुटला. दिनानाथने उठून तो ओढून काढला आणि ओट्यावर ठेवला. त्याच्यावर दातांनी कुरतडल्यासारख्या रेघा उठल्या होत्या.

“झालं, चाची. आता लाल बटण दाबतो, तुम्ही प्लग लावा, फिरवून बघू.”

“थांब,” मी म्हटलं.

ताटांचा आवाज येत होता. शीळ मात्र नव्हती. कामात गुंतला की तो शीळ घालत नाही. मी दिनानाथचा टॉर्च घेतला आणि पाकळ्या बाजूला करून आत बघितलं.

आत बोटं होती. निळ्या रबरातली चार बोटं, खालून वर आलेली, चकतीच्या कडेकडेने चाचपत फिरणारी. अडकलेलं काही सापडतं का, ते शोधत होती. करंगळी किंचित बाहेर वळलेली. ती मी त्याला न्हाऊ घालताना हजारदा सरळ करून बघितली आहे.

दिनानाथ माझ्या खांद्यावरून वाकला होता.

खालून, लांबून, कुणीतरी हिंदीत ओरडलं, “हो गया क्या? चालू करूं?”

“जुहेब!” मी किंचाळले. “हात काढ! बाबा, हात काढ!”

बोटं थांबली. निघाली मात्र नाहीत. जागच्या जागी थांबली, कान दिल्यासारखी. माझ्या हाकेने तो ऐकत उभा राहिला होता. मागे वळून बघत असेल. मी त्याला हाक मारली नसती तर कदाचित तेवढ्यात हात निघालाही असता.

“चालू करूं?”

मी उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत अंग ओतून घातला. त्याची बोटं लागली मला, ओली, रबराखाली गरम. त्यांनी माझी बोटं पकडली, आई गं, पकडली लहानपणी पकडायचा तशी. मी ती सोडवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याचा हात खाली ढकलला. खाली, खाली, बाहेर. माझ्या हातात मग काहीच राहिलं नाही.

लांब कुठेतरी बटण टक् वाजलं.

प्लग माझ्या डाव्या मुठीत होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो मी सोडला नव्हता, त्याची वायर दिनानाथने पकडीने तोडली. दिनानाथ साक्षीला आहे. त्यानंतर तो तीन दिवस कामावर गेला नाही, असं त्याची बायको नूतन सांगत होती.

८

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुहेबचा व्हिडिओ कॉल आला. दवाखान्यातली खाट दिसू नये म्हणून हफ्साने फोन माझ्या तोंडाजवळ धरला. मी उजवा हात चादरीत घेतला. दोन बोटं नव्हती, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

“हात दाखव तुझे,” मी पहिल्यांदा म्हटलं.

“काय गं हे?”

“दाखव म्हटलं ना!”

त्याने दोन्ही हात फोनपुढे नाचवले. मी मोजली. दहा. या अल्ला, दहा होती. मला रडू फुटलं, तर मला चिडवायला लागला, की अम्मी म्हातारी झाली.

मग म्हणाला, “काल एक झालं पण. हात आत होता आणि त्या गाढवाने बटण दाबलं. मी गेलोच असतो. पण कुणीतरी मला ढकललं, अम्मी. आतून. मी मागे भांड्यांवर जाऊन पडलो.” बोलताना पाठ चोळत होता. “कुणाला सांगितलं तर हसतील. मशीन सुटलं पण. आता मस्त चालतंय.”

“आता त्याच्याजवळ जाऊ नको.”

“काम आहे, अम्मी. सुट्टीपर्यंत करायलाच हवं.” आणि खिशातून काहीतरी काढलं. “हे बघ. रात्री जाळी साफ करताना मिळालं. बत्ता-बित्ता काही नव्हता, हेच होतं.”

कॅमेऱ्याजवळ धरलं. आधी नुसतं धूसर दिसलं. मग दिसला फिरोज्याचा खडा, आणि त्याला बसवलेली चांदीची कडी, जरा चेपलेली.

“तुझ्या अंगठीसारखीच आहे ना?” तो म्हणाला.

“बाजारात शंभर मिळतात तसल्या.”

“आत अक्षर कोरलंय. ‘सु’ आहे. मराठीत.” तो ती उलटीसुलटी करून बघत होता. आता हसत नव्हता. “कतारला मराठीत कोण कोरणार?”

“मला काय माहीत? माझी माझ्या बोटात हाय.”

“मग दाखव ना.”

हफ्साने फोन कापला. नंतर तिने त्याला कळवलं, की अष्टमीतलं नेट गेलं होतं. त्यानंतरचे सगळे फोन आम्ही नुसते आवाजाचेच करतो, कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगतो. पण फोन ठेवायच्या आधी तो हल्ली उगाच थांबतो.

दिनानाथ म्हणतो, ते मशीन काढून खाडीत फेकून देतो, फुकट. मी नको म्हटलं. ते काढलं तर तिथलं अडकलेलं मला कळणार कसं? जुहेब यायला अजून एकवीस दिवस आहेत. रोज चार वाजता मी स्टूल ओढून सिंकपाशी बसते, टॉर्च घेऊन. हफ्साही आता शाळेतून लवकर निघते. काल ती म्हणाली, “अम्मी, आज मी बसते.” मी तिला उठवलं. माझा डावा हात अजून चांगला आहे.